गावाचं पोट

मुंग्यांच्या त्या राज्यात प्रत्येकीला दोन पोटं होती. एक स्वतःचं, नावापुरतं. दुसरं गावाचं, टम्म फुगणारं. बाहेरचं गोडधोड गावाच्या पोटात भरून आणायचं आणि वाटेत जी मिशीला मिशी लावून मागेल तिच्या तोंडात ओतायचं, असा कायदा होता. जी नाही म्हणेल तिचं पोट फाडायचं आणि जप्त माल थेट थोरल्या आईच्या, म्हणजे राणीच्या, तोंडी द्यायचा. एरवी राणीचा घास सात तोंडांतून फिरून सातव्या दिवशी तिच्यापर्यंत पोचे. भुकेनं त्या राज्यात कुणी मेली नव्हती. पोट फाडून मात्र बऱ्याच जणी गेल्या होत्या.

भिंतीपलीकडच्या राक्षसाशी राज्याचं पिढीजात वैर. त्यानं पांढरी भुकटी टाकली, तेव्हा वेशीवर इतकी प्रेतं साचली की ये-जा करायला त्यांतून बोगदा खणावा लागला. त्यानं उकळतं पाणी ओतलं, तेव्हा तीनशे जणी चालत्या रांगेतच शिजल्या, आणि रांग मोडली नाही याचं पुढं फार कौतुक झालं. त्यावरून शहाण्यांनी नियम बांधला. नवं अन्न एकीनं चाखायचं आणि शंभर पावलं चालून दाखवायची. शंभराव्या पावलालाही ती उभी असेल तर अन्न निर्धोक. मरण तेवढा वेळ थांबत नसतं, असा आजवरचा अनुभव होता.

एके सकाळी वेशीबाहेर मधाच्या रंगाचा एक थेंब दिसला. चाखणारी शंभर पावलं चालली, वर दहा नाचून दाखवली.

"हरला गं राक्षस! नजराणा पाठवलाय मेल्यानं!" वेशीची नाईक येसू ओरडली. रांग लागली आणि शेवटी येसू स्वतःही धावली.

तिसऱ्या दिवशी साळू नावाची मुंगी भरल्या पोटानं वेशीतून आत परतत होती. वाटेत चाखणारी उताणी पडून पाय झाडत होती. थोडं पुढं पहिल्या खेपेच्या दोघी आपलेच पाय चावून तोडत होत्या. त्यांच्यापुढं, त्यांच्या तोंडून जेवलेल्या पिल्लांच्या दाया नुकत्याच लटपटू लागल्या होत्या. ज्या क्रमानं गोड पोचलं होतं, त्याच क्रमानं सगळं चाललं होतं. साळूचेही मागचे पाय वळत होते. तिनं तोंड घट्ट मिटलं आणि ती गावाकडे पाठ करून निघाली. वेशीवर येसूनं तिची मिशी धरली.

"साळे, तोंड उघड."

"नाही उघडणार."

"एवढं काय दडवलंस गं पोटात?"

"मरण."

"ऐका गं बायांनो! मरण गोड असतं म्हणे!" सगळी वेस खदखदली.

"आक्का, तुझा पाय बघ कसा उडतोय."

येसूनं तो पाय दुसऱ्या पायाखाली दाबला. "पहारा करून दुखतोय."

"थोरल्या आईपर्यंत अजून पोचलं नाही. ती राहिली तर पुन्हा गाव होईल. मी मरतेच आहे गं, मला लांब जाऊन मरू दे."

"म्हणजे सगळं एकटीनं गिळायचंय तुला!"

सहा जणींनी सहा पाय धरले आणि मुळापासून उपटले. येसूनं मान तोडली. मुंडकं घरंगळत भिंतीला लागलं, तरी त्याचा जबडा मिटलेलाच होता. मग येसूनं कंबर चिरली. या कामात ती सराईत. गावाचं पोट न फुटता, थेंबही न सांडता बाहेर आलं. ते चमकतं पोट आठ जणींनी डोक्यावर घेतलं आणि वाजतगाजत आत नेलं. थोरल्या आईनं एका दमात संपवलं आणि येसूची पाठ थोपटली.

सातव्या दिवशीही वेशीवर कडेकोट पहारा होता. येसू आणि तिच्या पहारेकरणी जबडे वासून, तोंडं बाहेर करून उभ्या होत्या. वाऱ्याची झुळूक आली की एखादी अलगद कलंडे. शेजारची वळून बघत नसे. त्यांच्या मागं बोगद्यात कसलाच आवाज नव्हता. समोर थेंब होता, जवळजवळ होता तेवढाच. एका कडेला, नीट पाहिलं तरच दिसेल एवढा, छोटासा खळगा पडला होता.