राजाने आईने ठेवलेलं लाडकं नाव सांगितलं त्याची गोष्ट

एकदा काय झालं, एका राजाला सात मजली राजवाडा बांधायची हौस आली. सात मजले म्हणजे लाकूड किती लागेल? प्रधान म्हणाला, "महाराज, निळाई नदीच्या दोन्ही काठांना रान आहे. रिकामंच आहे, नुसती झाडं. तोडू या."

ही बातमी निळाईच्या घाटावर गेली. तिथे सखवार नावाची नावाडीण होती. तिची आजी त्याच नदीवर होडी चालवायची, तिची आई चालवायची, आता ती. तिने पदर खोचला आणि तडक दरबारात जाऊन उभी राहिली.

"महाराज, रान रिकामं नाही. माझ्या होडीत बसा. मी दाखवते."

राजाला गंमत वाटली. "येतो. पण बाई, सूर्य मावळेपर्यंत एकही जनावर दिसलं नाही, तर उद्या सकाळी कुऱ्हाड पडणार."

"चालेल," सखवार म्हणाली. म्हणाली आणि घाटाकडे निघालीसुद्धा.

मग राजा होडीत बसला. प्रधान बसला. ललकारी द्यायला भालदार बसला. सखवार म्हणाली, "महाराज, आमच्या नदीचा एक रिवाज आहे. रानात शिरताना आपण कोण, कुणाचे, ते नदीला सांगायचं. पाहुण्याने दारात सांगावं तसं."

"भालदार, सांग रे!" राजा म्हणाला.

पहिलं वळण आलं. भालदाराने छाती फुगवली. "राजाधिराज, शूरशिरोमणी, सप्तदुर्गस्वामी..." अशी लांबच लांब ललकारी दिली. काठावर काही हललं नाही. एक बेडूकसुद्धा नाही. प्रधान मिशीत हसला.

दुसरं वळण आलं. आता राजा स्वतः उठला. होडी डुगडुगली. "मी राजा आहे! बाहेर या सगळे!"

झाडं गप्प. पाणी गप्प. ऊन उतरायला लागलं.

भालदार मनाचा चांगला होता. तो सखवारच्या कानाशी लागला. "मावशी, महाराजांचा तळ इथे जवळच पडलाय, तिथे पाळलेलं हरीण आहे. मला काठाला उतरव. पुढच्या वळणावर नेऊन बांधतो. महाराजांना काय कळतंय? रान तरी वाचेल."

सखवारचं वल्हं थांबलं. एक हरीण, आणि सगळं रान वाचणार! तिच्या डोळ्यांपुढे ऐनाची, जांभळाची झाडं उभी राहिली. पण मग तिने मान हलवली.

"नको रे बाबा. उद्या ते हरीण तळावर महाराजांच्या हातून गूळ खाईल आणि माझी नदी जन्माची खोटी ठरेल. आमच्या तीन पिढ्यांनी बांधलेलं जनावर कुणाला दाखवलं नाही. मीही नाही दाखवणार."

आणि तिने वल्हं मारलं.

तिसरं वळण आलं. ऊन फक्त शेंड्यांवर राहिलं होतं. सखवारने होडी थांबवली.

"महाराज, आई तुम्हाला काय म्हणून हाक मारायची?"

"बाई! जीभ आवर!" प्रधान ओरडला.

राजा मात्र रागावला नाही. त्याची आई जाऊन चाळीस वर्षं झाली होती. ते नाव त्यानंतर कुणी घेतलंच नव्हतं. त्याने मुकुट काढून मांडीवर ठेवला, वाकून पाण्यात हात घातला आणि हळूच म्हणाला,

"मी गुंडू. सोनाईचा धाकटा."

हसू नका रे! राजांनासुद्धा आई असते.

मग काय झालं? पाणी खळखळलं आणि म्हणालं, "सोनाईचा गुंडू होय? मग ये की, बाबा!"

निळा खंड्या आला आणि सरळ होडीच्या टोकावर बसला. पाणमांजरं आली, अर्धा डझन, एकमेकांच्या तोंडचा मासा ओढत. वर धनेश पक्षी उडाले, पंखांचा आवाज कसा, तर सुपात धान्य पाखडल्यासारखा. मग एक मोठी मगर आली. तिच्या जबड्यात इवली इवली पिल्लं होती, दातांच्या फटीतून एकाचं डोकं डोकावत होतं.

"बाई, खाते की काय ती त्यांना?" राजा घाबरला.

"छे हो महाराज," सखवार म्हणाली. "कडेवर घेतलंय."

शेवटी वाघ आला. सावकाश पाणी प्यायला. राजाकडे पाहिलं, मिशा झटकल्या आणि निघून गेला. प्रधान केव्हाच फळीखाली शिरला होता.

राजाच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, एवढं सगळं इथे होतं. मला कुणी सांगितलं कसं नाही?"

"विचारलं कुणी, महाराज?"

राजाने सूर्य मावळेपर्यंत पाहिलं. मग फळीखाली वाकून म्हणाला, "प्रधानजी, राजवाडा आहे तेवढा पुरे."

होडी परत फिरली. घाटावर सगळा गाव जमला होता. सखवारने दोर खुंट्याला बांधला, कंबर सरळ केली आणि म्हणाली, "रान जागच्या जागी आहे. आणि ऐका, एकही खोटं जनावर न दाखवता वाचलंय!"

असा जल्लोष झाला म्हणून सांगू! तिच्या म्हाताऱ्या आईने तर भर घाटावर लेकीची दृष्ट काढून कानशिलांवर बोटं मोडली. राजा दर हिवाळ्यात येऊ लागला, एकटाच. सखवार वल्हवी आणि तो मुकाट बघत बसे. नदी सुखात राहिली, रान सुखात राहिलं, माणसंही सुखात राहिली.

आता मगरीची पिल्लंसुद्धा झोपली असतील. तुम्हीही पाय पांघरुणात घ्या बघू, आणि मिटा डोळे.