गवळ्याची पोर

"स्वामी, गवळ्याच्या पोरीला दूध सोसत नाही, असं कुठं असतंय का?"

मल्लाप्पाने हे उत्तरासाठी विचारलंच नव्हतं. त्याला फक्त होकार हवा होता. हातात म्हशीच्या घट्ट दुधाचा काठोकाठ पेला, आणि समोर सहा वर्षांची गौरा.

गौराचं पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं, हातापायांच्या मात्र काड्या झाल्या होत्या. महिनाभर जुलाब थांबत नव्हते. डॉक्टरांनी काही दिवस दूध बंद ठेवायला सांगितलं होतं. मल्लाप्पाने डॉक्टर बदलला.

रेवणस्वामी मल्लाप्पाचे गुरू. संध्याकाळी धारा काढायच्या वेळी ते गोठ्यात येऊन बसले होते.

"ही आंबील मागती, स्वामी. माझ्या घरात. गावाला काय तोंड दाखवू? तुम्ही सांगा तिला, तुमचं ऐकंल."

"आप्पा, पोटात कळ येती," गौरा म्हणाली.

"ढोंग करू नको. पी."

पेला ओठाला लागला. पोरीने डोळे घट्ट मिटून घेतले. बघवत नव्हतं ते.

 स्वामी उठले, खुंट्यापाशी गेले आणि त्यांनी रेडकाचं दावं सोडलं.

रेडकू उधळलं ते थेट म्हशीच्या कासेला.

"स्वामी... आत्ताच पाजलंय त्याला."

मल्लाप्पा पेला खाली ठेवून धावला. स्वामी आडवे उभे राहिले.

"आईचंच दूध आहे. पिऊ दे."

"सरका, स्वामी."

"पिऊ दे, म्हटलं ना."

"जास्त झालं की हगवण लागती. मान टाकंल ते."  गुरूला ढकलायचं तेवढं त्याने बाकी ठेवलं होतं.

"पुरे झालं, हे कसं कळतं तुला?"

"कळतंय की. पोट बघितलं की कळतंय. जन्म गेला माझा ह्यात."

स्वामी बाजूला झाले. मल्लाप्पाने रेडकू ओढून काढलं, छातीशी धरलं आणि तो त्याच्या पोटावरून हात फिरवत राहिला.

गौरा भिंतीला टेकून, पोट दाबून बसली होती.

स्वामींनी तिच्याकडे पाहिलं.

"मल्लाप्पा," स्वामी म्हणाले, "रेडकाला तर सांगताही येत नाही."