राजाने पुसून टाकली माशांची नावं

एक होता राजा. मूळचा घाटावरचा, राज्य मात्र मिळालं समुद्रकाठचं. माशांतलं त्याला ओ की ठो कळत नसे. एकदा भर पंगतीत त्याने बांगड्याला सुरमई म्हटलं आणि पाहुणे खो खो हसले. राजा असा चिडला, असा चिडला, की त्याने दवंडीच पिटवली. आजपासून सगळ्या माशांना नुसतं मासा म्हणायचं. जो नाव घेईल त्याची जीभ छाटू.

राजवाड्यात मासळी द्यायची हाशीबाई कोळीण. दवंडी ऐकून ती सुन्नच झाली. अहो, नाव म्हणजे काय नुसती हाक असते? बोंबील म्हटलं की पाणी काढायला दाबून ठेवायचा. मुडदुशी म्हटलं की आजाऱ्याला, लेकराला द्यायची. आणि कर्ली म्हटलं की जपून खायची, तिच्या अंगभर काटे, बरं का.

मग पहिल्या दिवशी बोंबील न दाबताच तळले गेले, कढईत नुसता लगदा. दुसऱ्या दिवशी आजारी राजमातेपुढे मुडदुशीऐवजी मोरी माशाचं जळजळीत कालवण आलं. तिसऱ्या दिवशी छोटी राजकन्या पहिल्यांदा मासा खाणार होती. हाशीने तिच्यासाठी मुडदुशी आणली आणि आचाऱ्याला बोटाने दाखवली. त्याने मान डोलावली, आत गेला आणि कर्लीसकट सगळी पाटी एकाच पातेल्यात उपडी केली. त्याच्या लेखी सगळा मासाच.

पहिल्याच घासाला पोरीच्या घशात काटा रुतला. आवाज बंद, ओठ निळे. राणी जागच्या जागी थिजली. वैद्याने भात भरवला, केळं भरवलं, पाठीत थापट्या मारल्या. काटा काही हलेना.

दारातून हाशी धावत आली. जीभ गेली तर गेली, पण पोर जाऊ द्यायची नाही. ती पोरीच्या गळ्याशी वाकली.

"कर्ले, भायेर ये गो," ती म्हणाली. "चुकून शिरलीस."

आणि काय सांगू बाळांनो, काटा सुळ्ळकन बाहेर आला आणि राजकन्येच्या तळहातावर जाऊन बसला. सगळा दरबार आ वासून बघत राहिला. जल्लादाने तेवढ्यात सुरी काढली. हुकूम म्हणजे हुकूम.

पोरीने दम घेतला. हातावरच्या काट्याकडे बघितलं.

"बाबा, ही कोण?"

सगळ्यांनी जल्लादाच्या सुरीकडे पाहिलं. राजा पोरीजवळ वाकला.

"कर्ली," राजा म्हणाला.

जल्लादाने राजाकडे पाहिलं, हाशीकडे पाहिलं. आधी कोणाची जीभ कापायची ते त्याला कळेना. त्याने सुरी परत कमरेला खोचली.

मग काय, दुसऱ्या दिवसापासून राजा रोज सकाळी हाशीच्या पाटीपुढे उकिडवा बसून एकेक नाव पाठ करायला लागला. राजकन्या त्याच्याआधी शिकली. सगळे पोटभर जेवले, सुखात राहिले. आता पाय पोटाशी घ्या, आणि मिटा डोळे.