बोटाला विचारलेला प्रश्न

एकदा एका म्हाताऱ्या वैद्याकडे त्याचा शिष्य अक्षरशः धावत आला. पायात चपला नाहीत, उपरणं वाटेत कुठंतरी पडलेलं, आणि चेहऱ्यावर आनंद तर असा की विचारू नका!

"गुरुजी, आई ऐकते! मी अंगाई म्हणतो ना, तेव्हा तिचं बोट हलतं!"

आता यात एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. पण वैद्यकी शिकायची म्हणून हा पोरगा आठ वर्षं घरी गेलाच नव्हता हो! गेला तेव्हा आई अंथरुणाला खिळलेली, डोळे मिटलेले, वाचा गेलेली. 'आई, मी आलो गं' एवढंच तिच्यापर्यंत पोचावं, दुसरं काही नको होतं त्याला.

"आणि तू गात नसतोस तेव्हा?" वैद्यानं विचारलं.

"तेव्हा कोण बघतंय? तेव्हा मी जेवतो, झोपतो!"

"हं. चल."

तिथं जाऊन म्हाताऱ्यानं काय करावं? एका कानात कापूस कोंबला, दुसऱ्यासाठी बोळा हातात धरला, शिष्याकडे पाठ केली आणि आईच्या हातावर नजर लावून बसला. शेजारी चिंचोक्यांची वाटी.

"अहो गुरुजी, कान बंद करून कसलं बघणं?"

"ऐकायचं तिला आहे, मला नाही. दहा घटका बसू. तुझ्या मनाला येतील त्या पाच घटका गा, पाच गप्प राहा. कधी काय, ते मला कळू देऊ नकोस. बोट हललं की मी एक चिंचोका खाली टाकीन. घटका संपली की माझ्या खांद्याला हात लाव आणि चिंचोके उचल. गाण्याचे वेगळे, गप्प बसल्याचे वेगळे." एवढं बोलून त्यानं दुसराही कान बंद केला.

गाताना शिष्य जीव ओतून गायचा, चिंचोका पडला की थांबून आईकडे बघायचा. गप्प बसायच्या घटकेत मात्र चिंचोका पडला की मान फिरवायचा.

शेवटी म्हाताऱ्यानं कान मोकळे केले आणि चिंचोके मोजले. गाण्याचे एकतीस. गप्प बसल्याचे तेहतीस.

"वा! म्हणजे मी गप्प बसलेलंच आवडतं तिला," शिष्य म्हणाला. हसायला गेला आणि रडायलाच लागला.

"वेड्या, दोन चिंचोके इकडचे तिकडे असेच होतात. उद्या मोजलेस तर उलटं येईल."

"मग ती ऐकत नाही. संपलं."

"असं कुठं म्हणाले चिंचोके? ते एवढंच म्हणतात की बोट तुझ्या गाण्यानं हलत नाही. ती ऐकते की नाही, ते बोटाला ठाऊक नाही. आणि मलाही नाही." म्हाताऱ्यानं चिंचोके वाटीत भरले. "आठ वर्षं तुला तिच्यापासून कुणी लांब ठेवलं? मीच ना? तुझ्याइतकंच मलाही 'हो' हवं होतं रे. ज्याला 'हो' हवं असतं त्याला ते कशातही दिसतं. म्हणून तर कान बंद केले."

शिष्यानं डोळे पुसले.

"गाऊ मग?" शिष्यानं विचारलं.

"गा की! गाण्याला कोण नको म्हणतंय? फक्त उत्तर आलं, असं धरून चालू नकोस."

आजवर बोट हललं की शिष्य मध्येच थांबायचा, "ऐकलंस ना, आई?" म्हणून विचारायचा. त्या दिवशी तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, आणि अंगाई पहिल्यांदाच न थांबता शेवटच्या ओळीपर्यंत गेली.