येसूची शाळा आणि राजाचे कान

"येसूला शाळेत घेणार नाही म्हणजे नाही!"

उंबरगडचा राजा दुर्धरसेन असा काही ओरडला, की समोर उभ्या आठ वर्षांच्या येसूने दोन्ही कान घट्ट दाबून धरले.

"बघा!" प्रधान म्हणाला. "महाराज बोलताहेत आणि कार्टी कान झाकते!"

"बोलत कुठे आहेत? ओरडताहेत," येसूची आई साळू म्हणाली.

साळूचा नवरा तांबट. मुदपाकखान्याचे हंडे घडवायला राजानेच त्याला परमुलखातून, वैरागनगरहून, बोलावून घेतलं होतं. पोरीला शाळा मिळेल असं कबूलही केलं होतं. पण पंतोजींनी येसूला पहिल्याच दिवशी घरी धाडलं. का? तर ती डोळ्याला डोळा देत नाही, अचानक घंटा झाली की किंचाळते आणि पंगतीतली खिचडी तोंडात घेत नाही. वैरागनगरच्या गुरुजींना हे सगळं ठाऊक होतं, तिथे पोर मजेत शिकत होती. इथे महिनाभर ती दाराची कडी वाजवत घरात बसून होती आणि साळूचा जीव तीळतीळ तुटत होता.

"माझं मागणं ते काय?" साळू म्हणाली. "तिला घंटेपासून लांब बसवा. पुढे काय होणार ते आधी सांगणारं एक माणूस शेजारी द्या. आणि जेवायला घरची भाकरी खाऊ द्या."

"निदान काही चमत्कार तरी येतो का पोरीला?" प्रधानाने विचारलं. "उलटे पाढे वगैरे?"

"नाही येत. तुम्हाला येतात?"

प्रधान पागोटं चाचपू लागला.

राजा भडकला. "शांतता हवी, शेजारी माणूस हवा, घरचं जेवण हवं! असली थेरं करणारा एक तरी शहाणा, मानाचा माणूस उद्या दरबारात उभा कर. केलास तर पोरगी शाळेत. नाहीतर बिऱ्हाड गाढवावर घाला आणि चालते व्हा!"

"आणि केला, तर मग शब्द फिरवायचा नाही!"

"हा दुर्धरसेनाचा शब्द आहे!"

दुसऱ्या दिवशी साळूने, आत हंडा वाजणार हे आधी सांगून, येसूला बापाजवळ दरबारासमोरच्या बागेत बसवलं आणि कडेवर हंडा, हातात हातोडा घेऊन ती एकटीच दरबारात आली.

"माणूस कुठाय गं?" प्रधान खिदळला.

साळूने हंडा पालथा घातला आणि हाणले ठोके. ठण्ण! ठण्ण! ठण्ण!

"अगं, बंद कर! डोकं उठलं माझं!" राजाने दोन्ही कान दाबून धरले.

साळूने हातोडा खाली ठेवला. "अगंबाई! महाराजांनी कान झाकले. प्रधानजी, आता कुणाला कार्टं म्हणायचं?"



"महाराज, गेल्या माघात लेकीची सोयरीक जमवायला तुम्ही आमच्या वैरागनगरला आला होतात. उतरलात तांबट आळीच्या तोंडाशी. पहिल्याच सकाळी म्हणालात, डोकं दुखतंय. तीन दिवस आळीत एक हातोडा पडला नाही. खरं की खोटं?"

"अं... खरं."

"आमची बोली येत नव्हती, रीत ठाऊक नव्हती. शेजारी कोण बसायचं?"

"दुभाष्या," राजा म्हणाला. "आता उठा, आता विडा घ्या, असं कानात सांगायचा."

"आणि आमच्या राजाने पाच पक्वान्नं केली, तेव्हा तुम्ही काय जेवलात? अख्ख्या गावाला ठाऊक आहे!"

"आमच्या आचाऱ्याच्या हातचा वरणभात," राजा पुटपुटला.

"आम्ही कुणी थेरं म्हटलं नाही. पाहुणा परमुलखात आलाय, असंच म्हटलं. तुम्ही तीन दिवसांनी घरी परतलात. माझ्या येसूला तर जाईल तिथे परमुलूखच! शहाणा, मानाचा माणूस उभा कर म्हणालात ना? मग उभे राहताय, की बसल्या जागीच उभे आहात असं धरू?"

 राजा खरोखरच उठून उभा राहिला आणि पोट धरधरून हसत सुटला!

"हरलो बाई! येसू उद्यापासून शाळेत! माझा दुभाष्या तिच्या शेजारी, भाकरी घरची, आणि ती घंटा काढून प्रधानांच्या खिडकीशी टांगा! तांबटाला शाळेजवळच घर द्या!"

एवढ्यात साळूने बागेकडे बोट दाखवलं. राजाच्या हसण्याचा गडगडाट तिथवर पोचला होता आणि येसूने पुन्हा कान दाबले होते.

राजाने घाईघाईने शेल्याचा बोळा तोंडात कोंबला आणि उरलेलं हसू गदागदा हलत, मुकाट्याने हसून घेतलं.