टिकली उंदरीचं रीळ

खाडीच्या काठी एक झाड. झाडाखाली एक बीळ. बिळात राहायची एक उंदरी. होती टिकलीएवढी, म्हणून नाव टिकली.

टिकलीच्या आईला बाळं झाली. गुलाबी गुलाबी, इवली इवली. पण आईला दूध येईना. बाळं रडायची, चुंई चुंई चुंई!

आई म्हणाली, "टिकले, मुडदुशीचं कालवण मिळालं ना, की येईल बघ दूध."

मुडदुशी म्हणजे मासा. लांबडा, पांढरा, चवीला गोड.

टिकलीने रीळ घेतलं. रिळावर तंगूस गुंडाळला. तंगूस म्हणजे मासे धरायचा गुळगुळीत दोरा. त्याच्या टोकाला गळ. गळाला पिसाची खोटी खोटी माशी. आणि निघाली टिकली गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला! तुरुतुरु, तुरुतुरु.

डुबुक! माशी पडली पाण्यात.

गप्प! मुडदुशीने धरली.

सुर्र्र! तंगूस रिळावरून निसटला. सगळाच्या सगळा! मुडदुशीने माशी थुंकली आणि ती पळाली. तंगूस जाऊन पडला काठच्या गवतात. टिकलीच्या हातात उरलं रिकामं रीळ. तिला रडूच आलं.

मग टिकलीने नाक पुसलं. गेली तंगुसाकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"तंगुसा, तंगुसा, रिळावर बस ना!
मासा काही मिळेना,
आईला दूध येईना,
बाळांचं रडं सरेना."

तंगूस म्हणाला, "छे बाई! रीळ गुळगुळीत. मी गुळगुळीत. मी पुन्हा घसरणार. आधी खाली सुती दोरा गुंडाळ. दोरा बसला, की मी बसेन."

"सुती दोरा कुणाकडे?"

"शिंप्याकडे."

शिंपी होता एक पक्षी. पानाला पान शिवून घरटं करायचा. टिकली गेली शिंप्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"शिंपीदादा, शिंपीदादा, दोरा दे ना!
तंगूस रिळावर बसेना,
मासा काही मिळेना,
आईला दूध येईना,
बाळांचं रडं सरेना."

शिंपी म्हणाला, "तुला गाठ मारता येते?"

"नाही."

"मग नाही देत! गाठ नसली, तर रीळ फिरेल आणि दोरा नुसताच बसून राहील. गाठ मारावी कोळ्याने. कोळ्याला विचार. तो हो म्हणाला, की दोरा देईन."

टिकली गेली कोळ्याकडे. कुठल्या कोळ्याकडे? झाडावरच्या! आठ पायांच्या! तुरुतुरु, तुरुतुरु.

"कोळीदादा, कोळीदादा, गाठ मार ना!
शिंपी दोरा देईना,
तंगूस रिळावर बसेना,
मासा काही मिळेना,
आईला दूध येईना,
बाळांचं रडं सरेना."

कोळी हसला, खुदुखुदु. "अगं वेडे, शिंपी म्हणाला तो कोळी होडीतला. तो धरतो मासे. मी धरतो माश्या!"

टिकलीचं तोंड एवढंसं झालं.

कोळी म्हणाला, "बरं बरं, गाठ मलाही येते हं. पण वारा बघ केवढा! धागा पायात राहतच नाही. वारा थांबला, की गाठ मारेन."

टिकली गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वारेबुवा, वारेबुवा, थांबा ना!
कोळी गाठ मारेना,
शिंपी दोरा देईना,
तंगूस रिळावर बसेना,
मासा काही मिळेना,
आईला दूध येईना,
बाळांचं रडं सरेना."

वारा म्हणाला, "कसा थांबू? फूऽऽ! ती होडी बघ, अडकलीय. मी ढकलतोय, फूऽऽ! पण हलतच नाही. होडी काठाला लागली, की थांबेन."

होडी होती मासे धरणाऱ्या जोमानानांची. टिकली पाण्यावर झुकलेल्या फांदीवरून गेली होडीपाशी. तुरुतुरु, तुरुतुरु.

"नाना, नाना, होडी काठाला लावा ना!
वारा काही थांबेना,
कोळी गाठ मारेना,
शिंपी दोरा देईना,
तंगूस रिळावर बसेना,
मासा काही मिळेना,
आईला दूध येईना,
बाळांचं रडं सरेना."

"काय गो बाय?" जोमानाना म्हणाले. "कोळी गाठ मारेना? अगो, कोळी तर मी! मी कधी नाय बोललो?"

"तुम्ही नाही हो नाना! झाडावरचा कोळी!"

जोमानाना हसले. होडी डुलली, डुबुक डुबुक.

"गाठ मी मारली असती गो. पण माझी बोटं बघ, केवढी जाड! तुझं रीळ बघ, केवढं बारीक! ते त्या कोळ्यालाच जमेल. आणि होडी कशी आणू? वल्ह्याला वेल गुंडाळलीय. कोयता राहिला घरी."

टिकली म्हणाली, "मी कुरतडू?"

जोमानाना दचकले. "उंदराला होडीत घेऊ? माझं जाळं कुरतडलंस तर?"

"जाळ्याला दात नाही लावणार. फक्त वेल!"

नानांनी टिकलीकडे पाहिलं. टिकलीने नानांकडे पाहिलं.

"ये," नाना म्हणाले.

टिकली उतरली वल्ह्यावर. कुरुम कुरुम कुरुम. कुरुम कुरुम कुरुम. जाळ्याला दात लावला? नाही! वेलीला लावला? हो!

कट्! वेल तुटली.
होडी काठाला लागली.
वारा थांबला.
कोळी "हो" म्हणाला.
शिंप्याने दोरा दिला.
कोळ्याने गाठ मारली. एक गाठ रिळाला.
दोरा बसला खाली, गर गर गर.
कोळ्याने आणखी एक गाठ मारली. दोऱ्याला तंगूस जोडला.
तंगूस बसला वर, गर गर गर.

आणि टिकली पुन्हा गेली गरवायला.

डुबुक! माशी पडली पाण्यात.

गप्प! मुडदुशीने धरली.

सुर्र्र! तंगूस निघाला. निघाला, निघाला, सगळा संपला! आता?

आता निघाला सुती दोरा. सुर्र्र! थोडा निघाला, आणखी थोडा निघाला. मुडदुशी दमली. दोरा थांबला. गाठ सुटली का? नाही सुटली!

टिकलीने रीळ फिरवलं. गर गर गर. दोरा आला. तंगूस आला. आणि मुडदुशी आली!

मुडदुशी टिकलीहून मोठी! टिकलीने शेपटी धरली आणि ओढत ओढत घरी नेली. सर्र, सर्र, सर्र.

आईने कालवण केलं. रट् रट् रट्. आई जेवली. आईला दूध आलं. बाळं प्यायली, चुप् चुप् चुप्. पोटं भरली. रडं सरलं. बीळ कसं शांत शांत झालं.

टिकली दाराशी बसली होती. पाय दुखत होते. दात दुखत होते.

आई हळूच म्हणाली, "माझं सगळ्यात मोठं बाळ कुठंय?"

"मी?"

"तूच गं. ये, जागा ठेवलीय तुला."

टिकली गेली. तुरुतुरु नाही, हळूहळू. बाळांना धक्का न लावता आईच्या कुशीत शिरली. आईने तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दोरा खाली, तंगूस वर,
गोष्ट गुंडाळली गर गर गर!