याखीनचं झाकण

ही गोष्ट अक्षर न् अक्षर खरी आहे. गळ्याशपथ सांगतो, मी ती या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे, मी नव्हतो तिथे. माझ्या पणजोबांचे पणजोबाही नव्हते. पण खरी आहे.

फार फार वर्षांपूर्वी इस्राएलाचे वंश डोंगराडोंगरांवर वेगवेगळे राहत आणि एकमेकांचं तोंडही पाहत नसत. एफ्राईम, मनश्शे आणि बन्यामीन यांच्या हद्दी जिथे भिडत, तिथे एकच विहीर होती. ती खणली याखीननं. तो कातळाला कान लावून पाणी ऐकायचा, असं म्हणतात.

त्या विहिरीवर रोज डोकी फुटत. एकदा पोहऱ्यावरून जुंपली आणि त्यात याखीनचा मुलगाच मेला. म्हातारा रडला नाही. त्यानं विहिरीला दगडी झाकण घडवलं, कुठल्याही एका वंशाला एकट्यानं उचलता येऊ नये एवढं अवजड. ते त्यानं काठावर उतरतं ठेवलं, खाली एक पाचर मारून. मग स्वतः आत उतरला आणि दोरीनं पाचर ओढली. झाकण धाडकन तोंडावर बसलं.

त्याची लेक तिर्सा ऊर फुटेतो डोंगर चढली. "काका, बाबा आत अडकलेत. चला ना!"

"आधी बन्यामीनवाले येऊ देत," एफ्राईमवाले म्हणाले.

"एफ्राईमच्या जोडीनं दगड धरू? हात विटाळतील, पोरी!" बन्यामीनवाले म्हणाले.

"विहीर खणणाऱ्याला वर यायची वाट सापडेना होय?" मनश्शेवाले हसले.

तिर्सा झाकणावर येऊन बसली. खालून छिन्नी वाजायची, टक, टक. ती वरून खडा आपटायची. आहे मी, बाबा. हळूहळू लोक जमले, आणि कोणती कड कुणी धरायची यावरून पुन्हा डोकी फुटली.

आणि खालची टकटक थांबली.

तिर्सा उठली. "आता सावकाश धरा," ती म्हणाली. "घाई नाही राहिली."

मग कुणी कुणाचा वंश विचारला नाही. सगळे हात लागले आणि झाकण सुपासारखं उचललं गेलं. आत याखीन नव्हता. पाणी मात्र काठाला लागलं होतं. इस्राएलाचे वंश एक झाले ते त्या पाण्यापासून, असं म्हणतात.

अजूनही तिथे पहिला पोहरा सोडण्याआधी प्रत्येक घराण्यातला एकेक जण झाकणाला हात लावतो. कुणीतरी छिन्नीनं टकटक करतं, आणि सगळे गप्प उभे राहून खालची चाहूल घेतात.

आता कबूल करतो. काठाला लागलेलं पाणी खरं. ती दोरी मात्र मी रचली. दोरी नव्हतीच. पाचर वरून कुणीतरी काढली. कुणी, ते एकाही वंशाला ठाऊक नाही; म्हणून तर सगळे हात लावतात.